सात मिनिटांचं इंग्रजी : ब्रिस्बेनला गेलेल्या एका आजीचं प्रकरण

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून काकू ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला लेकीकडे निघाल्या, तेव्हा त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. त्या दहावी झालेल्या. त्यांच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली. म्हणजे सहा वर्षं त्यांनी इंग्रजीचा तास केला, धडे पाठ केले, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली. पुढे अंगणवाडीत नोकरी झाली, तिथली रजिस्टरं मराठीत. दुकानाची पाटी वाचता येते, औषधाच्या बाटलीवरचं नाव अक्षरं लावून वाचता येतं, सही इंग्रजीत येते. ऐकलेलं मात्र कळत नाही आणि बोलायला तोंड उघडत नाही. महाराष्ट्रातल्या त्यांच्या वयाच्या असंख्य बायकांचं इंग्रजी असंच अर्ध्यावर थांबलेलं आहे, आणि त्याला 'येत नाही' म्हणून टाकण्यावर माझा आक्षेप आहे.

गरज नोकरीची नव्हती, परीक्षेचीही नव्हती. गरज होती पाच वर्षांच्या नातीशी बोलण्याची. आईबाबा तिच्याशी मराठी बोलतात, तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. परदेशातल्या मराठी घरांत हे सर्रास दिसतं : मूल शाळेत जायला लागलं की घरातलं मराठी कानापुरतं उरतं. इतकी वर्षं व्हिडिओ कॉलवर आजी-नातीचं बोलणं हसण्यावर आणि हात हलवण्यावर भागलं. आता सहा महिने एका घरात राहायचं होतं.

मी मिरजेत मोठ्या माणसांना, त्यातही मुख्यतः बायकांना, बोलीचं इंग्रजी शिकवते. काकूंची लेक माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा फोन आला, "मॅडम, आईला आमच्या पिल्लाशी बोलण्यापुरतं तरी येऊ दे." त्यानंतर जे घडलं ते काकूंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून इथे मांडते आहे.

तिथल्या वर्गात का घातलं नाही, हा प्रश्न कुणीही विचारेल. ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम १९४८पासून चालू आहे आणि तो चांगला आहे, पण तो तिथे स्थायिक व्हायला आलेल्यांसाठी. पाहुणा म्हणून आलेल्या आईवडिलांना त्यात जागा नसते. ब्रिस्बेनच्या महापालिकेच्या वाचनालयांत इंग्रजी गप्पांचे मोफत गट भरतात. तिथे जायला काकू सुरुवातीला अजिबात तयार नव्हत्या. "चार लोकांत माझी फजिती नको गं," एवढंच त्यांचं म्हणणं. मग उरलं घर. लेक-जावई कामावर, दुपारी तीनच्या सुमाराला नातीची शाळा सुटते, आणि तिथपासून दिवेलागणीपर्यंत दोघीच.

फोनवर काकूंनी आधीच एक शाळा सुरू केली होती. सासू-सुनेचे, नवरा-बायकोचे, आजी-नातवाचे छोटे विनोदी व्हिडिओ आपल्याकडे आता घरोघरी पाहिले जातात, आणि त्यातले बरेचसे 'रोजचं इंग्रजी शिका' म्हणून केलेले असतात. सासू स्वयंपाकघरात एकेक भांडं उचलते, सून त्याचं इंग्रजी नाव सांगते, सासू ते भलतंच उच्चारते, सून कपाळावर हात मारते. मिनिटभरात वीस-पंचवीस शब्द. काकूंना हे व्हिडिओ फार आवडायचे. मी विचारलं, "काय काय लक्षात राहिलं?" त्यांनी अख्खा प्रसंग रंगवून सांगितला : सासूचा पदर, सुनेचा चेहरा, शेवटी सासऱ्यांचं डोकावणं. चाळणीला काय म्हणतात, ते मात्र गेलं होतं. झाऱ्याला काय म्हणतात, तेही गेलं होतं, किंवा चाळणीच्या जागी जाऊन बसलं होतं.

इथे मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, एका जातीचे शब्द एकदम शिकवले की ते एकमेकांत मिसळतात. टिंकहॅम आणि वेअरिंग या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी, एकाने १९९३मध्ये आणि दुसऱ्याने १९९७मध्ये, हे प्रयोगांतून दाखवलं : एकाच गटातले शब्द, म्हणजे सगळी फळं किंवा सगळे कपडे, एका दमात शिकणाऱ्यांना ते शिकायला जास्त वेळ लागतो, परस्परांशी संबंध नसलेले शब्द लवकर बसतात. आपल्या शाळेतल्या तक्त्यांपासून ते या व्हिडिओंपर्यंत सगळीकडे नेमकं उलटं केलं जातं. भाज्यांचा एक तक्ता, भांड्यांचा एक तक्ता. मांडायला तो सोपा असतो, शिकणाऱ्याला जड जातो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या व्हिडिओंत हसू शब्दावर टेकलेलं नसतं. हसू येतं सासूच्या चेहऱ्यावर, सुनेच्या कपाळावर. चाळणीच्या जागी किसणी ठेवली तरी विनोद तसाच राहतो. मग डोकं विनोद ठेवून घेतं आणि शब्द सोडून देतं. जिथे शब्द कळल्याशिवाय हसूच येत नाही, तिथे शब्द आपोआप आत जातो. काकूंच्या प्रकरणात पुढे जे जमलं ते या एका फरकामुळे, असं माझं मत आहे.

तरी त्या व्हिडिओंनी काहीच दिलं नाही असं नाही. नऊवारीतली एक बाई कॅमेऱ्यासमोर बिनधास्त चुकीचं इंग्रजी बोलते आणि घर तिच्यासोबत हसतं, हे पाहून काकूंची भीती कमी झाली. मी वर्गात महिनोन् महिने बोलून ते करू शकले असते का, सांगता येत नाही.

नातीचं आवडतं वेगळंच होतं. 'ब्लूई' ही ऑस्ट्रेलियन कार्टून मालिका ब्रिस्बेनमध्येच तयार होते. २०१८ साली एबीसी या सरकारी वाहिनीवर सुरू झाली. कुत्र्यांचं चौकोनी कुटुंब, आई, बाबा आणि दोन मुली. एक भाग साधारण सात मिनिटांचा. घर, अंगण, गाडी, बाजार, आजोळ, एवढ्यात सगळी गोष्ट. कुणी कुणाला शिकवत नाही. सगळे खेळतात, कंटाळतात, भांडतात, पुन्हा खेळतात. माणसं घरात जसं बोलतात तसं त्यातलं बोलणं आहे.

मी लेकीला म्हटलं, काकूंसाठी वेगळं काही शोधू नकोस. नात जे बघते तेच त्यांनी तिच्या शेजारी बसून बघायचं. यामागे हिशेब होता. वेब आणि रॉजर्स या अभ्यासकांनी २००९मध्ये ८८ टीव्ही कार्यक्रमांची भाषा तपासली. तीन हजार शब्दकुलं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक असं धरून, आणि सोबत विशेषनामं ठाऊक असतील तर कार्यक्रमातले सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे निघतात. काकू दहावी झालेल्या, शिवाय मराठीत रोज वापरतो ते टेबल, ग्लास, लाईट, बॅग, शर्ट, डॉक्टर जमेला आहेतच. तीन हजार त्यांच्याकडे नव्हते. पण लहान मुलांच्या घरगुती गोष्टीत, जिथे चित्र अर्ध्याहून जास्त सांगून टाकतं, तिथे उभं राहण्याएवढे होते.

खालची इंग्रजी अक्षरं चालू ठेवायला सांगितली. ऐकलेल्याच भाषेतली अक्षरं पडद्यावर दिसली की वाचन सुधारतं, ही कल्पना आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या गाण्यांसाठी चालवली. काकूंच्या बाबतीत तिचा उपयोग उलट्या बाजूने झाला. त्यांना अक्षर ओळखीचं, आवाज अनोळखी. ऑस्ट्रेलियन तोंडात 'टुडे' हे 'टुडाय'कडे झुकतं. खाली शब्द दिसला नसता तर त्यांना तो कधीच सापडला नसता.

एक भाग आठवडाभर तोच. मोठी माणसं याला कंटाळतात, पाच वर्षांचं मूल कंटाळत नाही, उलट तेच पुन्हा मागतं. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं आणि उजळणीने कसं टिकतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्येच मांडलं होतं. इथे ती उजळणी नातीच्या हट्टातून फुकटात होत होती.

मग आला फुग्याचा भाग. त्यात मुली एक फुगा हवेत ठेवायचा खेळ खेळतात, तो जमिनीला लागता कामा नये, आणि बाबा खेळ अवघड करत जातात. तो पाहून नात उठली आणि फुगा घेऊन आली. बैठकीच्या खोलीत दोघी खेळायला लागल्या. नात ओरडते, 'हिट इट, आजी! कॅच! नो, डोन्ट कॅच! डोन्ट ड्रॉप इट!' 'कॅच' आणि 'हिट' यातला फरक कळला नाही तर डाव जातो. फुगा खाली येतो आहे आणि शब्दाचा अर्थ आत्ता, या क्षणी लागायला हवा आहे. काकूंनी पकडला, नात खो खो हसली, कारण पकडायचा नव्हता. ते हसू शब्दावरचं होतं. तो शब्द काकू पुन्हा चुकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या मला फोनवर सांगत होत्या, "अहो मॅडम, बाउन्स म्हणजे उसळणं, आणि पॉप म्हणजे फटकन फुटणं. फ्लोट म्हणजे ते असं अधांतरी राहतं ना, तसं." शब्द सांगताना त्यांचा हात हलत होता, हे व्हिडिओ कॉलवर दिसलं. अंगणवाडीत त्यांनी आयुष्यभर बडबडगीतं हातवाऱ्यांनी शिकवली. ती पद्धत आता त्यांनी स्वतःवर चालवली होती, मी न सांगता.

या खेळातून बहुतेक क्रियापदं आली, आणि तीही आज्ञार्थात. मराठी माणसासाठी इंग्रजीतला हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे, असं मला दर वर्गात दिसतं. पकड, सोड, उचल, फेक : मराठीत एकेरी आज्ञार्थ म्हणजे नुसता धातू. इंग्रजीतही तसंच, कॅच, ड्रॉप, लिफ्ट, थ्रो. काळ नको, प्रत्यय नको, 'ही'ला 'एस' लावायची भीती नको. आपण मात्र शाळेत पहिल्यापासून 'धिस इज' आणि 'दॅट इज' घोकून घेतो, आणि मुलांची पहिली वाक्यं वस्तूंकडे बोट दाखवण्यात जातात. घरात कुणी कुणाला 'हा टेबल आहे' असं सांगत नाही. घरात बोलतात ते 'ते टेबल सरकव'.

उच्चारांची वही काकूंनी देवनागरीत ठेवली. इंग्रजी देवनागरीत लिहू नये, अशी एक शिस्त पुष्कळ शिक्षक पाळतात. मला ती पटत नाही. मराठी लिखाणात ॲ आणि ऑ आहेत, म्हणून 'स्नॅक' आणि 'स्नेक' वहीत वेगळे राहतात, खाऊच्या जागी साप येत नाही. 'व्ह' आणि 'व' आपण वेगळे लिहितो : व्हॅन, व्हेजिटेबल एकीकडे, वॉटर, विंडो दुसरीकडे. 'व्ह' दिसला की वरचे दात खालच्या ओठाला, 'व' दिसला की ओठ गोल, एवढी खूण काकूंना पुरली. काही जुन्या सवयी मोडाव्या लागल्या. आपण सगळे 'बाऊल' म्हणतो. तो खरं तर 'बोल'च्या जवळ जातो. नातीने तो दुरुस्त केला तेव्हा काकू मला म्हणाल्या, "एवढी वर्षं सगळा गावच चुकीचं म्हणतोय की!"

त्यांच्याकडचं भारतीय इंग्रजी ऑस्ट्रेलियात पुष्कळ ठिकाणी तसंच चाललं, हा एक आनंद होता. अमेरिकेत गेलेल्या आयांना ढोबळी मिरचीपासून नळापर्यंत सगळ्याची नवी नावं शिकावी लागतात. ब्रिस्बेनमध्ये कॅप्सिकम कॅप्सिकमच, नळ टॅपच, टॉर्च टॉर्चच, लिफ्ट लिफ्टच. बदललं ते वेगळंच : वांगं एगप्लांट झालं, साध्या रबरी सपाता थॉन्ग्ज झाल्या, पांघरायची दुलई डूना झाली, सकाळचा नाश्ता ब्रेकी आणि दुपार आर्वो. हे शब्द शाळेच्या पुस्तकात सापडत नाहीत. घरगुती व्हिडिओत मात्र ते सापडतात, कारण माणसं घरात असंच बोलतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. हे सगळं काकू एकट्या बसून बघत असत्या तर झालं नसतं. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही माणसं चिनी भाषेत प्रत्यक्ष खेळली, बोलली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं तेच बोलताना पडद्यावर दाखवली. प्रत्यक्ष खेळलेल्या बाळांचे कान चिनी आवाज ओळखायला शिकले, पडदा पाहिलेल्यांचे शिकले नाहीत. बाळं वेगळी, साठीची बाई वेगळी, आणि तिथे प्रश्न आवाजांचा होता, शब्दांचा नव्हता. तो निष्कर्ष काकूंवर जसाच्या तसा लावणार नाही. पण माझ्या वर्गातल्या बायका एकट्या व्हिडिओ बघून शब्द ओळखू लागतात, आणि तिथेच थांबतात. तोंडात शब्द यायचा तर समोर कुणीतरी उत्तराची वाट बघत बसलेलं लागतं.

म्हणून पुढचा टप्पा ठरवला : आता स्वतःचे व्हिडिओ करायचे. स्वयंपाकघर काकूंचं, फोन लेकीचा, बोलणं दोघींचं. पोळीचा व्हिडिओ मी स्वतः पुन्हा पुन्हा पाहिला आहे. काकू कणीक मळतात आणि सांगतात, 'आय ॲम नीडिंग'. नात लाटण्याकडे बोट दाखवून म्हणते, 'नाऊ रोल इट'. तव्यावर पोळी फुगते आणि नात किंचाळते, 'इट्स पफिंग अप!' काकू चिमट्याने ती उलटतात, 'फ्लिप', आणि गॅस कमी करतात, 'टर्न इट डाऊन'. टर्न डाऊन, टर्न ऑफ, पिक अप, पुट अवे अशी जोडक्रियापदं इंग्रजीत पावलोपावली येतात आणि भाषांतराने शिकवायला महाकठीण. गॅसच्या बटणावर हात ठेवून ती एका संध्याकाळी झाली.

मेथी निवडायच्या व्हिडिओत गंमत झाली. 'निवडणं' याला चटकन हाती येईल असा एक शब्द नातीकडे नव्हता. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, 'आजी, आर यू निवडिंग?' घरभर हसू पिकलं. काकू म्हणाल्या, 'येस, आय ॲम निवडिंग.' त्या घरात पुढे पाखडिंग आणि कुस्करिंगही आलं. कुणी म्हणेल की ही भाषेची खिचडी. मला यात मुलीने मराठी धातू इंग्रजी व्याकरणात अचूक बसवलेला दिसतो, आणि तो धातू तिच्या तोंडी प्रथमच आलेला दिसतो. जे मराठी तिच्या कानापर्यंत येऊन थांबलं होतं, ते जिभेवर आलं. काकूंना इंग्रजी शिकवायला निघालो त्यात हे हिशेबात धरलेलं नव्हतं.

हे व्हिडिओ घरच्या ग्रुपपलीकडे गेले नाहीत. लेकीच्या मैत्रिणी म्हणाल्या, टाक की सगळ्यांना दिसतील असे, खूप चालतील. मी नको म्हटलं. पाच वर्षांच्या मुलीला होकार-नकार देता येत नाही, आणि लोक बघणार म्हटल्यावर काकूंनी चुकणंच थांबवलं असतं.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. शेजारच्या बाई कुंपणापलीकडून विचारायच्या, 'हाउ यू गोइंग?' काकूंना वाटायचं, कुठे निघालात म्हणून विचारतायत, आणि त्या प्रामाणिकपणे 'नो गोइंग, होम' म्हणायच्या. तो नुसता 'कसं चाललंय' आहे, हे कुठल्याच व्हिडिओत कुणी थांबून सांगत नाही. शाळेच्या कार्यक्रमाच्या निरोपात 'ब्रिंग अ प्लेट' आलं, तेव्हा रिकामी ताटली न्यायची निघाली होती. तिथे त्याचा अर्थ सगळ्यांत वाटून खायला काहीतरी करून आणा, असा होतो. ते लेकीने वेळेवर सांगितलं आणि काकूंनी कोथिंबीर वड्या नेल्या.

घरगुती व्हिडिओंच्या भाषेची एक मर्यादाही इथे उघड झाली. घरात सगळं आज्ञार्थात चालतं. तेच इंग्रजी घेऊन बाहेर गेलं की ते उद्धट वाटतं. मराठीत आपण 'दे'चं 'द्या' करतो आणि मान राखला जातो. इंग्रजीत क्रियापद तसंच राहतं, मान आजूबाजूला पेरावा लागतो. 'गिव्ह बॅग' याच्या आधी 'कुड यू' आणि नंतर 'प्लीज' हवं. हे मी वेगळं बसून शिकवलं, दुकान-दुकान खेळून. त्यात दुकानदार अर्थातच नात.

मुक्काम संपायच्या सुमाराला काकू वाचनालयातल्या गप्पांच्या गटात गेल्या. लेक दारापर्यंत सोबत होती, आत एकट्या. पोळी कशी करतात ते त्यांनी तिथे सांगितलं, मळण्यापासून फुगण्यापर्यंत, कारण ती वाक्यं तोंडात तयार होती. इतरांचं बोलणं अर्धंच कळलं, असं त्या म्हणाल्या. पुन्हा गेल्या.

आता त्या गावी आहेत. नातीशी व्हिडिओ कॉल होतो, त्यात इंग्रजी-मराठी दोन्ही चालतं, आणि एखादा भाग दोघी दोन देशांत एकाच वेळी लावून बघतात. माझ्या मिरजेच्या वर्गात मी भांड्यांचा आणि भाज्यांचा तक्ता काढून टाकला. बायका आता एक काम निवडतात, कपडे वाळत घालणं, चहा करणं, मूल आंघोळीला नेणं, आणि तेवढ्याच कामाचा व्हिडिओ घरच्या माणसाबरोबर करून आणतात. पुढच्या वर्षी काकू पुन्हा जाणार आहेत आणि त्यांची मागणी बदलली आहे : तिथल्या डॉक्टरांची वेळ फोनवरून स्वतः घेता यायला हवी. त्यासाठी उपयोगी पडेल असा घरगुती व्हिडिओ मला अजून सापडलेला नाही. तो आम्हालाच करावा लागेल, आणि दवाखान्यात फोन उचलणारी बाई आपणच होणार, असं नातीने जाहीर केलेलं आहे.